चाखणाऱ्यानं प्यायचं नाही

बाटलीवर त्या पेयाचं एक भारदस्त नाव छापलेलं होतं, पण त्या नावानं ते कुणीच मागत नसे. गिऱ्हाईक काउंटरशी यायचं आणि म्हणायचं, "एक वाकडं द्या." पहिला घोट पोटात गेला की माणसाचं तोंड वाकडं व्हायचंच. एक डोळा मिटायचा, मान खांद्याकडे कलायची आणि चांगल्या शहाण्यासुरत्या माणसाचा चेहरा मास्तरांनी कान पिरगळल्यासारखा दिसायचा. कडू मुळं, झाडाची साल, संत्र्याची वाळवलेली सालं आणि धुरावर धरलेली कसलीशी पानं, हे सगळं पिंपात तीन आठवडे आंबवायचं आणि गाळायचं. रंग जुन्या शाईचा, वास भिजलेल्या दाराचा. निम्मे लोक एकदा पिऊन पुन्हा त्या गल्लीत फिरकत नसत. पण जो तिसऱ्यांदा यायचा तो जन्माचा व्हायचा.

दादांच्या वडिलांनी हा कारखाना काढला. कारखाना म्हणजे पुढे दुकान, मागे आठ पिंपांची खोली आणि वर राहायची जागा. काउंटरवर बसलं की ते नव्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. तोंड वाकडं झालं की समाधानानं मान हलवायचे. अनोळखी माणसाचं तोंड सरळ राहिलं तर पिंप बिघडलं समजायचं, असा त्यांचा हिशोब होता. जाण्याच्या कितीतरी वर्षं आधीच त्यांनी दोन मुलांत कामाची वाटणी करून दिली. धाकट्याचा हात चांगला, म्हणून करायचं त्यानं. थोरल्याची, म्हणजे दादांची, जीभ चांगली, म्हणून चाखायचं त्यानं.

"पण चाखणाऱ्यानं प्यायचं नाही," ते म्हणायचे. "पळीभर तोंडात घ्यायचं, घोळवायचं, थुंकायचं. घशाखाली उतरलं की सवय लागते. आणि पिणाऱ्याची जीभ माफ करायला लागते."

दादांनी हा नियम चाळीस वर्षं पाळला. दर मंगळवारी सकाळी, पोटात काही नसताना, ते शिडीवर चढायचे, एकेका पिंपात तांब्याची पळी बुडवायचे, तोंडात घोळवून बादलीत थुंकायचे आणि पिंपावर खडूनं बरोबरची खूण करायचे, नाहीतर फुली मारायचे. फुलीचं पिंप गटारात जायचं. धाकटा हूं की चूं करत नसे. प्रत्येक बाटलीच्या लेबलावर दादांची सही छापलेली होती आणि तिच्याखाली एकच शब्द, 'चाखलं'. गल्लीतले लोक गमतीनं विचारायचे, "काय जीभसाहेब, आज कुणाला नापास केलंत?" दादा लाजायचे, पण त्यांना ते आवडायचं. आपल्याला फारसं काही जमत नाही असं त्यांना लहानपणापासून वाटत आलं होतं. जमायचं ते एवढंच.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. धाकटा म्हणाला, "दादा, आता शिडी बंद. पडलास तर जीभ राहील आणि माणूस जाईल." त्यानं पिंपांच्या खोलीत, मागच्या दाराच्या उजेडात, हातांची खुर्ची मांडली. दादा तिथे बसायचे आणि धाकटा पिंपांच्या रांगेतून पळी घेऊन यायचा. हे पहिलं, हे दुसरं, हे तिसरं. थुंकायची बादलीही तोच धरायचा. दादांना तेव्हा भरून आलं होतं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं ते वहिनींना म्हणाले होते. वहिनी म्हणजे त्यांचीच बायको. दुकानात सगळे तिला वहिनी म्हणत, त्यामुळे चारचौघांत दादांच्याही तोंडी तेच बसलं होतं.

तर एके दिवशी पिंपांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. दादांनी ते उतरवून कापडात गुंडाळलं आणि घड्याळजीकडे घेऊन गेले.

घड्याळजी हा त्यांचा तीस वर्षांचा दोस्त आणि तेवढ्याच वर्षांचं गिऱ्हाईक. रोज संध्याकाळी सहाला यायचा, उभ्याउभ्या एक पेला प्यायचा, मागे येऊन दादांशी पाच मिनिटं बोलायचा आणि जायचा. अडीच वर्षांपासून त्याचं येणं बंद झालं होतं. रस्त्यात भेटला की म्हणायचा, पोट बरं नसतं.

त्याचं दुकान एवढंसं, खुर्चीत बसल्याबसल्या चारी भिंतींना हात पोचावा असं. डोळ्याला भिंग लावून तो कुणाच्या तरी मनगटी घड्याळात घुसला होता. शेजारी एक पेला होता आणि त्यात काळपट काहीतरी.

"हे काय पितोस?" दादांनी विचारलं.

"वाकडं."

"पोट बरं नाही ना तुझं?"

"पोटाला काय धाड भरलीय. घरीच करतो. मुळं आणतो आणि उकळतो. घे, वास घे."

दादांनी वास घेतला आणि पेला लांब धरला. "अरे, हे तर बूट उकळल्यासारखं आहे."

"आहेच. पण निदान कडू आहे. तुमच्याकडे हल्ली सरबत मिळतं."

दादा हसले. "तुझी जीभ म्हातारी झाली."

"माझी म्हातारी झाली, आणि कॉलेजातल्या पोरी तुमचं वाकडं नळी घालून पितात, त्यांचं काय?" घड्याळजीनं भिंग काढलं. भिंगाशिवाय त्याचा चेहरा उघडाबोडका दिसायचा. "हे बघ, धंदा तुमचा. गोड करावंसं वाटलं, केलंत. माझं काही म्हणणं नाही. पण त्याच्यावर 'चाखलं' म्हणून सही कशाला ठोकायची? मी वाकड्यावर नाही, तुझ्या सहीवर तीस वर्षं प्यायलो."

"मी दर मंगळवारी चाखतो. परवासुद्धा चाखलं. आठही पिंपं चोख होती."

"मग दोघांतला एक जण खोटारडा आहे. आणि मी तर घड्याळं दुरुस्त करतो."

त्यानं खण उघडून एक बंद बाटली काढली. लेबलावर दादांची सही होती. "तुला दाखवायला म्हणून ठेवली होती. धीर झाला नाही. चाख आता."

दादांनी बाटली उघडली, झाकणात थोडं ओतून तोंडात घेतलं, घोळवलं आणि सवयीनं हातरुमालात थुंकलं. आधी संत्रं आलं. मग कडूपणा यायला हवा त्या जागी साखर आली, आणि पाहुण्यासारखी अवघडून नव्हे, घरातल्या माणसासारखी पाय पसरून बसली. कडू होतं, पण लांब कुठेतरी, शेजारच्या घरात कुणी खोकावं तेवढं.

"थुंकतोस काय," घड्याळजी म्हणाला. "माझ्यापुढे कशाला नाटकं."

"मला माहीत नव्हतं."

"चाखणारा तू. सही तुझी. घर तुझं, भाऊ तुझा. आणि तुला माहीत नव्हतं. हे मी कसं मानू? माझ्या जागी तू असतास तर मानलं असतंस?"

भांडणात दादांना उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी सुचायचं. घड्याळ टेबलावर ठेवून ते निघाले.

घरी ते नेहमीसारखे मागच्या दारानं गेले नाहीत. पुढून दुकानात शिरले आणि बाटल्यांच्या मांडणीआड, कुणाला दिसणार नाही असे, रिकाम्या खोक्यावर बसले. गुडघे गेल्यापासून ते गिऱ्हाइकांच्या बाजूला आले नव्हते. मागे खुर्ची होती, उजेड होता, इकडे यायची गरजच पडत नसे. एक बाई आली, बहुधा नवीनच, कारण तिनं बाटलीवरचं भारदस्त नाव वाचून तेच मागितलं. ती प्यायली. तिचं तोंड सरळ राहिलं. "छान आहे की," ती बरोबरच्या बाईला म्हणाली. बरोबरची प्यायली, तिचंही सरळ. मग एक टपालवाला आला, मग दोन शाळामास्तर. दादा अर्धा तास बसले. एकही तोंड वाकडं झालं नाही.

धाकटा बाहेर गेला होता. दादा पिंपांच्या खोलीत गेले आणि घर झाडून काढावं तशी ती खोली शोधली. शोधावं फार लागलं नाही. मुळांच्या पोत्यांमागे एक छोटं पिंप होतं, जेमतेम दोन बादल्यांचं. त्याची तोटी रोजच्या हातांनी चकचकीत झाली होती आणि शेजारी खिळ्याला त्यांची तांब्याची पळी टांगली होती. दादांनी पळीभर घेतलं, घोळवलं, थुंकलं. बरोबर होतं. वडिलांच्या हातचं असावं इतकं बरोबर. क्षणभर त्यांना आनंदच झाला, आणि मग त्या आनंदाचीच लाज वाटली.

धाकटा परत आला तेव्हा ते पोत्यावर बसून होते. धाकट्यानं पिंपाकडे पाहिलं, दादांच्या हातातल्या पळीकडे पाहिलं, आणि खोटं बोलायच्या भानगडीत पडला नाही. तेवढं त्याचं कौतुक.

"कधीपासून?" दादांनी विचारलं.

"तुझे गुडघे गेले तेव्हापासून."

"म्हणजे खुर्ची त्यासाठी होती."

"खुर्ची गुडघ्यांसाठीच आणली होती, दादा. तुझी शपथ. हे नंतर सुचलं." तो समोरच्या पोत्यावर टेकला. "लोक थुंकत होते. आपल्याच पायरीवर थुंकत होते. मी रोज सकाळी पाणी मारायचो, तुला पत्ता नाही. ज्यांना आवडायचं ते एकेक करून वर जात होते आणि नवं कुणी टिकत नव्हतं. तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

दादांनी पळी उलटीसुलटी करून पाहिली. "आठ पिंपांच्या आठ पळ्या आणायचास. आठही ह्यातल्याच?"

"ह्यातल्याच. एखाद्या पळीत थेंबभर पाणी, एखादीत सालीची चिमूट. सगळ्या सारख्या लागल्या असत्या तर तू पहिल्याच मंगळवारी मला पकडलं असतंस."

"मी मध्ये फुल्याही मारल्या. तीन-चार वेळा."

धाकटा जमिनीकडे बघत राहिला.

"त्या पळ्या मुद्दाम बिघडवलेल्या होत्या," दादाच म्हणाले. धाकट्यानं मान हलवली.

ते मंगळवार दादांना एकेक करून आठवले. फुली मारली त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवायचे. जेवताना वहिनींना सांगायचे, साल जरा जास्त झाली होती, दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. वहिनी म्हणायच्या, "तुम्हालाच कळायचं ते."

"पळी बिघडवायचं तुझ्या डोक्यातून निघालं?" दादांनी विचारलं. "तुझं डोकं असं चालत नाही."

धाकट्यानं नकळत छताकडे पाहिलं. छताच्या वर घर होतं.

"वहिनी म्हणाली," तो हळू आवाजात म्हणाला, "एखादं नापास केल्याशिवाय ह्यांना आठवडा गोड लागत नाही."

जिना चढायला दादांना त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. वहिनी वाळलेल्या कपड्यांचा ढीग पुढे घेऊन उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं," दादा दारातूनच म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "हो," त्या म्हणाल्या. "चादर धरा जरा तिकडून."

सवयीनं दादांनी चादरीची दोन टोकं धरली.

"तीन वर्षं मी तुला सांगत होतो, आज पाचवं जरा नरम होतं, आज दुसरं झकास होतं. आणि तू ऐकत होतीस."

"मग काय कान बंद करायचे होते? ताणून धरा."

"मनात हसत असशील."

"नाही हो." त्यांनी चादर दुमडली आणि एक पाऊल पुढे आल्या. "तुम्ही खुश असायचात. बरं वाटायचं ऐकायला. तुम्ही दोघे भाऊ रोज भांडला असतात, त्यापेक्षा एक पळी बिघडलेली काय वाईट."

"पण तुला तर कडूच आवडायचं. लग्न होऊन आलीस तेव्हा बाबांनी पेला दिला आणि तुझं तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. बाबा म्हणाले, ही आपल्या घरचीच आहे. मी तेव्हाच..." पुढचं वाक्य दादांना तेव्हाही म्हणता आलं नव्हतं.

"श्वास धरून प्यायले होते," वहिनी म्हणाल्या. "सासू समोर, सासरे समोर, तुम्ही खांबाआडून बघताय. काय करणार? मग सगळ्यांनी इतकं कौतुक केलं की मागे फिरायची सोयच राहिली नाही. रोज संध्याकाळी एक पेला, अडतीस वर्षं. गोड झालं त्या दिवशी मी पहिल्यांदा दुसरा मागून घेतला."

"मला एकदा सांगायचंस."

"तुम्हाला काय कळलं असतं त्यातलं?" त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. "तुम्ही थुंकत होतात. गिळत होतो आम्ही."

चादरीची घडी पुरी झाली होती. दादांच्या हातातलं टोक सुटत नव्हतं. वहिनींनी ते एकेक बोट उघडून सोडवून घेतलं.

मधले चार दिवस घरात सगळे अदबीनं वागले. ताट वेळेवर वाढलं गेलं, दुकान वेळेवर उघडलं. मंगळवार आला तेव्हा दादा आपल्या खुर्चीत जाऊन बसले, कारण दुसरीकडे कुठे बसायचं ते त्यांना माहीत नव्हतं. धाकटा पळी घेऊन आला, पण समोर करेना.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला. "जसं आहे तसं चालू ठेवू. छोटं पिंप मी तुझ्यासाठी करत राहतो. तू चाख, खूण कर, सही राहू दे. आता तुला सगळं माहीत आहे, म्हणजे फसवणूक म्हणायला काही उरलं नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर छोटं पिंप कशाला करायचं? पिणार कोण ते?"

हे दादांच्या ध्यानात आलं नव्हतं. जगात खरं वाकडं आता फक्त त्या पोत्यांमागे होतं, आणि तेही कुणी प्यावं म्हणून केलेलं नव्हतं.

"तुला सांगतो दादा," धाकटा जरा मोकळा होऊन म्हणाला, "ते दोन बादल्यांचं पिंप ह्या आठांपेक्षा जास्त मेहनत घेतं. मुळं मी हातानं निवडतो. तुझ्या जिभेला फसवणं म्हणजे खायचं काम नाही."

इतकं मोठं कौतुक धाकट्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"एक रिकामी बाटली आण," दादा म्हणाले. "छोट्यातली भरून दे."

"कुणाला द्यायचीय?"

"मी पिणार आहे."

धाकटा बघतच राहिला. घरचा नियम त्यालाही तोंडपाठ होता. "तू प्यायलास तर चाखणार कोण?"

"कुणी नाही. सही काढून टाक."

"वर्षभराची लेबलं छापून पडलीत, दादा."

"मग सहीखालचा शब्द तेवढा खोड."

धाकट्यानं बाटली भरून दिली, बूच लावलं, वरून फडक्यानं पुसलीसुद्धा. खोडतो म्हणाला नाही, नाही खोडत म्हणाला नाही. दादा मागच्या दारातून बाहेर पडले तेव्हा आत बाटल्या भरायचं काम सुरू झालं होतं. काचेवर काच वाजत होती, दर मंगळवारी वाजते तशी.

घड्याळजीनं घड्याळ दुरुस्त करून ठेवलं होतं. दादांनी त्याच्यासमोर बाटली ठेवली. आपला बुटांचा काढा त्यानं खिडकीबाहेर ओतला, पेला विसळला, भरला आणि प्यायला. तोंड सरळच राहिलं, तीस वर्षं राहायचं तसं, फक्त डोळे मिटले.

"हे खरं," तो म्हणाला. "कुणी केलं?"

"धाकट्यानं."

"म्हणजे येतं त्याला अजून. मग आम्हाला का नाही दिलं?"

"मला फसवायला केलं होतं," दादा म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची, पळ्या, मुद्दाम केलेल्या चुका, चादर. सांगताना ते सारखे अडखळत होते आणि जिथे राग यायला हवा तिथे नुसते थांबत होते.

घड्याळजीनं शांतपणे ऐकून घेतलं. "गोष्ट चांगली आहे," तो शेवटी म्हणाला. "पण गोष्ट कुणीही रचेल. चाळीस वर्षं ज्याच्या नाकाखाली हे तयार होतं, तो तीन वर्षांत एकदाही आपल्या दुकानातली बाटली उघडून प्यायला नाही? हे गळ्याखाली उतरत नाही, बाबा."

दादांनी वाद घातला नाही. त्यांनी पेल्यात थोडं ओतून घेतलं आणि प्यायले. थुंकायला शेजारी बादली नव्हती आणि त्यांनी हातरुमालही काढला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते गिळलं.

जिभेवर होतं तोवर सगळं ओळखीचं होतं. साल, धूर, संत्रं, जिथल्या तिथे. मग ते घशाखाली उतरलं आणि तिथून काहीतरी उलटं वर आलं, ज्याच्याबद्दल चाळीस वर्षांत त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. कानामागे कळ गेली. एक डोळा आपोआप मिटला. मान खांद्याकडे कलली, ओठ एका बाजूला ओढले गेले आणि ते सरळ करायचा त्यांनी केलेला प्रयत्न आणखीच वाकडा निघाला.

घड्याळजी बघत होता. काउंटरशी उभं राहून त्यानं असे चेहरे शेकड्यांनी पाहिले होते. हसायच्या बेतात आलेलं त्याचं तोंड मध्येच थांबलं.

"अरे," तो म्हणाला. "तू कधी प्यायलाच नव्हतास."

"नाही."

"एकदाही."

दादांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कडूपणाचंच असणार.

"म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं."

भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती, एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. मग घड्याळजीनं पेला दादांकडे सरकवला. "दुसरा घोट घे. दुसऱ्याला कमी लागतं. तिसऱ्याला तुझं तुलाच नवल वाटेल."

दादांनी पेला उचलला. वडील म्हणायचे ते त्यांना आठवलं, पिणाऱ्याची जीभ माफ करायला लागते. वर घरात वहिनी आता भात लावत असतील. धाकटा लेबलं चिकटवत असेल, शब्द खोडून किंवा न खोडता.

त्यांनी पेला परत खाली ठेवला. "आज नको," ते म्हणाले.

घड्याळजीनं आग्रह केला नाही. त्यानं पेल्यावर बशी झाकली आणि तो वरच्या फळीवर ठेवला, दुरुस्त होऊन पडलेल्या पण न्यायला कुणी न आलेल्या घड्याळांच्या रांगेत.